रुग्णालयातील तांब्याच्या लाइनची निवृत्ती आणि विजेची जबाबदारी

रुग्णालयाच्या जमाखर्चात दूरध्वनीचे बिल ही फारशी लक्ष न वेधणारी नोंद असते. अलीकडे मात्र मोठ्या संस्थांच्या चालकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. तांब्याच्या तारेवरील जुन्या लाइन काढाव्यात का, आणि काढल्यास त्यांच्या जागी काय आणावे? या प्रश्नाचा विचार बहुधा बिलाच्या आकड्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः तो रुग्णसुरक्षेशी निगडित आहे, हे येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे. नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या परिसरातील आपल्या रुग्णालयांना तो विशेष जवळचा आहे. धुळे, नंदुरबार, जळगावकडील नातलगांनी जपून ठेवलेला ०२६१ ने सुरू होणारा क्रमांक हा त्यांच्या दृष्टीने त्या रुग्णालयाचा पत्ताच असतो.

जुनी लाइन कशी चालते?

भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. पुढे केंद्रे स्वयंचलित झाली, नंतर इलेक्ट्रॉनिक झाली; परंतु केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंतची दोन तारांची जोडी शतकभर जवळजवळ तशीच राहिली. बोलणाऱ्याच्या आवाजातील चढउतारांप्रमाणे या तारांतील विद्युत्प्रवाह कमीजास्त होतो. ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या विद्युत्क्रियेचा आलेख अखंड उमटावा, तसा हा आवाजाचा अखंड विद्युत्-आलेख होय. यालाच आपण अॅनालॉग म्हणतो.

या रचनेचा एक गुण आपल्या सहसा ध्यानात येत नाही. फोन चालण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्या घरातून घेतली जात नाही. ती केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांवरून येते. घंटी वाजवणारा सुमारे ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाहही केंद्रच पाठवते. केंद्रात बॅटऱ्यांच्या पाठीशी जनरेटर असे. म्हणून गल्लीतील वीज गेली, घरात काळोख झाला, तरी साधा फोन बोलत असे. तो रुग्णालयाला विनामूल्य मिळालेला आपत्कालीन वीजपुरवठाच होता.

बदल अटळ का?

जुनी लाइन उत्तम होती, मग ती सोडायची कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. जमिनीखालील तांब्याच्या केबलमध्ये पावसाचे पाणी शिरते, जोड गंजतात, रस्ताखोदाईत ती तुटते. तिची निगा राखण्यास अनुभवी लाइनमन लागतात. ३१ जानेवारी २०२० रोजी एकट्या बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांत तारांची नस ओळखणारे अनेक जण होते. दरम्यान केंद्रांतील जुनी यंत्रणा बदलत गेली आणि नव्या जोडण्या प्रामुख्याने काचतंतूवर, म्हणजे फायबरवर, दिल्या जाऊ लागल्या.

नव्या व्यवस्थेचे लाभही खरे आहेत. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणजे एका संभाषणास सेकंदाला ६४,००० बिट लागतात. हे आकडे लहान लहान पुडक्यांत बांधून संगणकाच्या जाळ्यावरून पाठवता येतात. तीस लाइनसाठी तीस जोड्या ओढण्याऐवजी एका पीआरआय जोडणीवर एकाच वेळी तीस संभाषणे चालतात. एका वॉर्डातील फोन दुसऱ्या वॉर्डात नेऊन लावला तरी क्रमांक तोच राहतो. काचतंतू गंजत नाही.

परंतु काचेतून वीज वाहत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. फायबरच्या टोकाची पेटी, स्विच, मध्यवर्ती यंत्र आणि टेबलावरील प्रत्येक आयपी फोन यांना वीज पुरवण्याची जबाबदारी केंद्राकडून निघून संस्थेकडे येते. ती जबाबदारी कोणी लेखी सोपवत नाही; जुनी तार कापली त्या क्षणी ती आपोआप आपल्या गळ्यात पडते.

कोणत्या तारेवर काय अवलंबून आहे?

मोठ्या संस्थेत जुन्या लाइन केवळ बोलण्यासाठी नसतात. लिफ्टमधील मदतीचा फोन, आगीची सूचना बाहेर कळवणारे यंत्र, फॅक्स, कार्डाच्या व्यवहाराचे जुने मशीन ही त्यांची परिचित उदाहरणे. पेसमेकर बसवलेल्या रुग्णांची दूरध्वनीवरून तपासणी अनेक देशांत कित्येक दशके होत आली. घरी ठेवण्याची काही तपासणी यंत्रेही अॅनालॉग लाइनवरच चालत. या यंत्रांचे संदेश ठरावीक स्वरांत असतात. आवाज दाबून लहान करणाऱ्या नव्या पद्धतीत माणसाचे बोलणे समजते, पण यंत्राचे स्वर बिघडू शकतात. गेटवे नावाच्या पेटीने जुने यंत्र नव्या जाळ्याला जोडता येते, तथापि प्रत्येक यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये.

ब्रिटनचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे जुने जाळे बंद करण्याची मुदत आधी डिसेंबर २०२५ ठरली होती. वृद्ध व एकाकी माणसांच्या घरांतील मदतीची बटणे त्याच तारांवर चालत. लाइन बदलल्यावर ही बटणे निकामी ठरल्याचे गंभीर प्रसंग २०२३ मध्ये पुढे आले. तेव्हा कंपन्यांनी सक्तीचे स्थलांतर थांबवण्याचे मान्य केले आणि पुढे मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवण्यात आली. तंत्र चांगले होते. कोणत्या तारेवर कोणाचा जीव अवलंबून आहे, याची यादी अपुरी होती.

विजेचे साधे गणित

समजा, एका रुग्णालयात १२० आयपी फोन आहेत. प्रत्येकी ४ वॉट धरल्यास ४८० वॉट झाले. पाच स्विचना प्रत्येकी ४० प्रमाणे २०० वॉट, आणि मध्यवर्ती यंत्र, गेटवे व फायबरची पेटी मिळून १२० वॉट. एकूण ८०० वॉट. चार तास फोन चालू ठेवायचे तर ३,२०० वॉट-तास ऊर्जा लागेल. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. व्यवहारात साठ टक्के, म्हणजे सुमारे १,०८० हाती येतात. तेव्हा तीन बॅटऱ्या हव्यात.

आता अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष, रक्तपेढी, लिफ्ट व प्रवेशद्वार असे १५ अत्यावश्यक फोन एका स्वतंत्र स्विचवर घेतले, तर ६० अधिक ४० अधिक १२० मिळून २२० वॉट होतात. चार तासांना ८८० वॉट-तास पुरतात, म्हणजे एकच बॅटरी भागते. ट्रायाज आपण रुग्णांचा करतो. तोच विचार येथे फोनांना लावायचा. जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे, कारण तो सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत यंत्रणा बंद पडली, तर ती पुन्हा उभी राहण्यास काही मिनिटे जातात. हृदय थांबलेल्या रुग्णासाठी ती मिनिटे फार मोठी असतात.

पूर आणि संगणकावरील हल्ला

ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या अनुभवाचा सरळ अर्थ असा, की स्विच, बॅटऱ्या व मध्यवर्ती यंत्र तळघरात वा तळमजल्यावर ठेवू नयेत. तांब्याची तार पाण्यात हळूहळू बिघडते. विजेवर चालणारी पेटी पाण्यात क्षणात जाते.

दुसरा धोका न दिसणारा आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील संगणकप्रणालीवर खंडणीसाठी हल्ला झाला आणि पुढे सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून अहवालांपर्यंतची बरीच कामे हाताने करावी लागली. अशा वेळी माणसे फोनचा आधार घेतात. फोनही त्याच जाळ्यावर असतील, तर तो आधारही सुटू शकतो. म्हणून दूरध्वनीचे जाळे निदान आखणीत तरी वेगळे ठेवावे.

बदलाची क्रमवारी

१) प्रत्येक लाइनचा शोध घेऊन तिच्या टोकाला काय आहे, ते वहीत नोंदवावे. बिल भरले जाते पण उपयोग ठाऊक नाही, अशी लाइन आधी कापू नये.

२) जुना क्रमांक नव्या व्यवस्थेत कायम राहील, याची लेखी हमी घ्यावी.

३) १०८, १०१ व ११२ हे क्रमांक आधी ० किंवा ९ न दाबता थेट लागतील अशी योजना करावी. गुजरातेत १०८ सेवा २९ ऑगस्ट २००७ पासून आहे. पण घाबरलेल्या माणसाला बाहेरची लाइन घेण्याचा अंक आठवत नाही. संस्थेच्या अनेक इमारती असतील, तर बोलताना इमारत व मजला सांगण्याची पाटी फोनजवळ लावावी.

४) नवी व जुनी व्यवस्था काही काळ जोडीने चालवावी. त्या काळात दिवसा व रात्री मुख्य वीज मुद्दाम बंद करून प्रत्येक अत्यावश्यक फोन तपासावा.

५) शेवटचा आधार म्हणून अपघात विभागात वेगळ्या कंपनीच्या सेवेवरील एक मोबाइल फोन सदैव चार्ज केलेला असावा, आणि तो कोणाच्या ताब्यात राहील हे पाळीनिहाय ठरलेले असावे.

यांतील चौथी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, कारण चालत्या रुग्णालयात वीज बंद करण्यास कोणी धजावत नाही. ही भीती रास्त आहे. म्हणून ती चाचणी पूर्वसूचना देऊन, जीवरक्षक यंत्रांचा पुरवठा अबाधित ठेवून, केवळ दूरध्वनीच्या मंडलापुरती करावी. ती आपण ठरवलेल्या दिवशी केली नाही, तर पावसाळ्यातील एखादी रात्र ती आपल्यावतीने करील, आणि त्या वेळी फोनच्या दुसऱ्या टोकाला एखादा रुग्ण असेल.