मुद्दाम एक चूक पेरा

आमच्या भाषेत १० वजा ४ वजा ३ म्हणजे ९ होत होते, आणि हे आम्हाला सबमिशनच्या आदल्या दिवशी कळलं. गाइड सरांनी सहज टाकून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, कीवर्ड मराठी करा म्हटलं होतं, गणित नवीन काढा असं नव्हतं सांगितलं!”

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघे ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’ असे शब्द असलेल्या छोट्या भाषेचा फ्रंट एंड लिहीत होतो. टोकन पाडायला फ्लेक्स, व्याकरणाला बायसन. आयडीई निवडायचं काम माझ्याकडे होतं. रंगसंगती, ऑटोकम्प्लीट आणि बिल्डचं हिरवं बटण पाहून मी एक निवडला.

चूक साधी होती. वजाबाकी डावीकडून करायची हे व्याकरणात सांगायचं राहिलं होतं. अशा वेळी बायसन ‘शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट’चा इशारा देतं आणि स्वतःच शिफ्टच्या बाजूने कौल देतं, मग आधी ४ वजा ३ होतं. बेरजेत कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच, म्हणून दोन महिने कुणाला शंका आली नाही. इशारा रोज येत होता, पण आउटपुटच्या खिडकीत, बाकीच्या ओळींच्या गर्दीत. वर बटण हिरवंगार.

घाईत मी आणखी घोळ घातला. डीबगर बायसनने तयार केलेल्या सी फाइलमध्ये थांबला, म्हणून तिथेच दुरुस्ती केली. पुढच्या बिल्डला फाइल नव्याने तयार झाली आणि दुरुस्ती गायब. शिवाय एडिटरने चाचणीच्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम (बाइट ऑर्डर मार्क) या खुणेचे तीन अदृश्य बाइट घुसवले होते. लेक्सर पहिल्याच ओळीवर ‘अनोळखी अक्षर’ म्हणून अडून बसला. ती रात्र आम्ही जागून काढली.

तेव्हा आता कुणी विचारलं तर सांगतो: आधी टर्मिनलवर एका आज्ञेत चालणारी मेकफाइल लिहा, आयडीई नंतर. बायसनचे इशारे म्हणजे चूकच, असं धरून बिल्ड थांबवायला लावा. ३.७ आवृत्तीपासून बायसन कॉन्फ्लिक्ट कुठल्या वाक्यावर होतो याचं उदाहरणही दाखवतं. तो पर्याय चालू ठेवा. तयार होणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. देवनागरी वापरणार असाल तर फ्लेक्स अक्षरं नव्हे, बाइट मोजतं हे विसरू नका. यूटीएफ-८मध्ये ‘जर’चे सहा बाइट होतात, त्यामुळे चूक सांगणाऱ्या संदेशातला कॉलम भलतीकडे बोट दाखवतो.

बायसनऐवजी पार्सर हातानेच लिहिणार असाल, तर गोष्ट सोपी होते. क्लँग कंपायलरचा पार्सर तसाच आहे. जीसीसीनेही सी++साठी २००४ साली बायसन सोडून हातचा पार्सर घेतला. तिथे व्याकरणाचा प्रत्येक नियम म्हणजे एक फंक्शन, त्यामुळे साधा डीबगरही पुरतो.

आणि आयडीई पसंत करण्याआधी व्याकरणात मुद्दाम एक चूक पेरा. ती तुम्हाला किती लवकर आणि किती स्पष्ट दिसते, एवढंच पाहा. मी ही परीक्षा घेतली असती, तर ते हिरवं बटण पहिल्याच दिवशी नापास झालं असतं.