कोरं चित्र

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. कुणीतरी बाबा मुलाला खांद्याला धरून पाण्यापलीकडच्या झाडीकडं वळवतात आणि सांगतात, "ते बघ, एनडीए. तुला तिथं जायचंय." मुलगा असतो सहा-सात वर्षांचा. त्याचं लक्ष पाण्यात बुडी मारून भलतीकडंच वर येणाऱ्या पाणकावळ्याकडं असतं.

मी या बाबांना हसत नाही. मीही आई म्हणून हेच केलंय. फक्त माझं बोट एनडीएकडं नव्हतं, मेडिकलकडं होतं. माझी मुलगी अकरावी-बारावीची दोन वर्षं पोट दुखतंय म्हणायची आणि मी तिला ओवा द्यायची. इतकी वर्षं हायस्कूलात शिकवून, दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे वाचून, घरातलं एवढं साधं दुखणं मला कळलं नाही. म्हणून आज जे बोलणार आहे ते बाईंनी पालकसभेत सांगितल्यासारखं ऐकू नका. शेजारीण बोलतेय असं समजा.

एनडीएचंच, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचंच घेऊ, कारण आपल्या भागात हे स्वप्न घरोघरी आहे. सहावी-सातवीपासून फाउंडेशन, मग अकरावीला इंटिग्रेटेड, सकाळी ग्राउंड, संध्याकाळी टेस्ट सिरीज. पण ज्या परीक्षेसाठी हे सगळं चाललंय तिची मांडणी किती पालकांनी बघितलीय? लेखी परीक्षा ९०० गुणांची, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. त्यानंतरची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, तीही ९०० गुणांची. म्हणजे निम्मे गुण पुस्तकातल्या उत्तरांना आणि निम्मे मूल माणूस म्हणून कसं आहे याला.

ही मुलाखत पाच दिवस चालते. त्यात एक चाचणी अशी असते: पडद्यावर एक चित्र अर्धा मिनिट दाखवतात, आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं. बारावी पाटी मात्र कोरी. तिथं काहीच नसतं, गोष्ट मुलानं स्वतःची आणायची. नंतर समोर बसून विचारतात, रिकाम्या वेळात काय करतोस, मित्र कोण, कुठला खेळ, घरी कुणाशी जास्त पटतं.

आता सांगा, ज्या मुलाचा रिकामा वेळ आपण सहावीतच काढून घेतला, तो या प्रश्नाला काय उत्तर देणार? क्लासवाले त्याला छंदही पाठ करून देतात. 'वाचन आणि पोहणे.' कोऱ्या पाटीची गोष्टसुद्धा आधीच तयार. समोर बसलेले अधिकारी अशी उत्तरं रोज ऐकत असणार.

(आणि कृपा करून उद्या 'छंद विकास' नावाचा क्लास शोधू नका. मी ओळखते आपल्याला.)

एक मुलगा माझ्या वर्गात होता, नववीत. पावसाळ्यात धरणातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं, किती वाजता सोडलं, याची तो वही ठेवायचा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला अशी चार धरणं, सगळी मिळून साठा साधारण २९ टीएमसी आणि आपलं खडकवासला त्यात जेमतेम दोनाचं, हे त्याला तोंडपाठ. पाणी सोडल्यावर पुण्यातला भिडे पूल किती तासांनी बुडतो, याचा त्यानं स्वतःचा अंदाज बांधला होता. त्याची आई वही घेऊन माझ्याकडं आली. "बाई, गणितात बावन्न, आणि हा धरण मोजत बसतो!" मी वही उघडली. सरासरी होती, आलेख होते, प्रमाण होतं. जे गणित तो पेपरात करत नव्हता, ते सगळं तिथं निळ्या शाईत मांडलेलं. त्याला मी म्हटलं, १९१६ साली सुरू झालेली, नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास करणारी सीडब्ल्यूपीआरएस ही संस्था तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याला ते रस्त्यावरच्या पाटीपलीकडं माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. बसस्टॉपचं नाव म्हणून मात्र दोघंही रोज म्हणायचे.

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की तो पुढं मोठा जलतज्ज्ञ झाला. नाही. तो कॉमर्सला गेला, बरा चाललाय. वही अजून लिहितो म्हणे. आवडीचं करिअर झालंच पाहिजे हीसुद्धा आपलीच घाई. मुलानं चित्र काढलं की लगेच "आर्किटेक्चरला स्कोप आहे का हो?" गायलं की रिअ‍ॅलिटी शो. आवड ही गुंतवणूक नव्हे. त्या वहीनं त्या मुलाला नववीचं अवघड वर्ष पार करायला मदत केली, मला तेवढं पुरेसं वाटतं.

मग कल ओळखायचा कसा? राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. अशा मानसशास्त्रीय चाचण्यांचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. त्याला शास्त्रीय आधार नाही. मला विचाराल तर, कुणी सांगितलेलं नसताना मूल काय करतं ते महिनाभर गुपचूप बघा. त्यासाठी आधी त्याच्याकडं कुणी न सांगितलेला वेळ असावा लागतो. तिथंच घोडं अडतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत यायची नाहीत. तर ताराबाईंनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. मुलाला उचलून आपल्या चौकटीत बसवण्याऐवजी ते जिथं आहे तिथं जायचं, ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईनं इतक्या वर्षांपूर्वी करून दाखवली. आपण मात्र एका घरात राहून मुलाच्या खोलीपर्यंत जात नाही. गेलोच तर "किती झालं?" विचारायला.

आणि मुलांसाठी आपण मनात आखलेल्या नकाशाची लांबी तरी केवढी? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दार उघडेपर्यंत इथल्या कुठल्याही आईनं मुलीला "ते बघ, एनडीए" म्हटलं नसेल. २०२२ मध्ये पहिल्या मुली आत गेल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी दीक्षान्त संचलनात चालल्या. त्या लहान होत्या तेव्हा ही वाट कुणाच्याही आईबाबांच्या यादीत असणं शक्य नव्हतं.

आता जड बोलते, पण थोडक्यात. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. त्यामागं केवळ अभ्यास असतो असं नाही. कारणं गुंतागुंतीची असतात. पण झोप उडणं, टेस्टच्या दिवशीच पोट दुखणं, मित्रांचं नाव घरात निघेनासं होणं, आवडीची वस्तू वाटून टाकणं, हे दिसलं तर ओवा पुरत नाही. डॉक्टरांकडं जा, समुपदेशकाकडं जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मूल "मला हे नको" म्हणालं, तर त्या रात्री तरी फीचा आकडा काढू नका. मी काढला होता.

माझ्या मुलीनं पुढं काय केलं, ते तिचं ती सांगेल. आता तिला विचारल्याशिवाय मी तिची गोष्ट सांगत नाही.

गेल्या रविवारी पुन्हा चौपाटीवर होते. शेजारी एक बाबा. "ते बघ, एनडीए." मुलानं बघितलंच नाही. तो म्हणाला, "बाबा, तो आता कुठून वर येईल, सांगा." बाबांनी क्षणभर झाडीकडं पाहिलं, मग पाण्याकडं, आणि डावीकडं बोट केलं. पाणकावळा उजवीकडून निघाला. मुलगा टाळ्या पिटत हसला. "परत, बाबा, परत!" मी निघाले तेव्हाही ते दोघं तिथंच होते, हातातली कणसं गार झालेली.