ग्रीष्मातील धावण्याचा सराव : जलपान व शीतोपचार

पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण ऐन वैशाखात डांबरी रस्त्यावर धावताना आपण पाहतो. जून 2014 मध्ये मुंबईतील भरतीत 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीवेळी काही उमेदवारांनी प्राण गमावले. पुढे पुरुषांसाठी हे अंतर 1600 मीटर करण्यात आले. अंतर घटले, तरी सराव बहुधा उन्हातच होतो.

मध्यंतरी असाच एक एकवीस वर्षांचा तरुण आमच्या चिकित्सालयात आणला गेला. त्वचा तप्त, अंग घामाने ओले, बोलणे असंबद्ध. सोबती त्याला कोकम सरबत पाजू पाहत होते. क्षणभर आम्हीही तृष्णेच्याच चिकित्सेचा विचार केला. वस्तुतः तो श्रमजन्य उष्माघात होता. अशा रुग्णास घाम असू शकतो, म्हणून घामावर विसंबून निदान टाळू नये. संज्ञा भ्रमित असता तोंडावाटे काही देणे घातक, म्हणून आम्ही पेय बाजूस सारले, कपडे उतरवले, गार पाण्याने सर्वांग सतत भिजवत पंखा लावला आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली. तो तरुण वाचला.

हेतुविचार : चरकाचार्यांनी अतिव्यायामाच्या उपद्रवांत तृष्णा, क्लम, ज्वर व छर्दी यांची गणना केली आहे. उष्णता आणि तृष्णेचा अवरोध ही उदकवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे होत. तृष्णा हा अधारणीय वेग आहे. 'धावताना पाणी प्यायल्यास दम लागतो' या समजुतीने तो अडवून धरणारे तरुण या दोन्ही हेतूंचे एकाच वेळी सेवन करतात. वाग्भटाचार्यांनी बलवानासही शीतकाळी व वसंतातच अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प.

रुग्णास द्यावयाच्या सूचना :

1. सराव सूर्योदयापूर्वी करावा. उन्हाळ्याच्या आरंभी 10 ते 14 दिवस श्रम क्रमाक्रमाने वाढवावेत. श्वास तोंडावाटे सुरू होणे ही अर्धशक्तीची खूण. तेथे वेग कमी करावा.

2. तहान लागताच घोट घोट पाणी प्यावे. माठातील वाळ्याचे पाणी उत्तम.

3. धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. 1 किलो घट म्हणजे सुमारे 1 लिटर द्रवक्षय. वजन वाढल्यास जलपान अधिक झाले असे समजावे. अतिजलपानाने रक्तातील सोडियम घटून मूर्च्छा व आक्षेप संभवतात.

4. घाम फार गेल्यास 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते द्यावे. ताक सर्रास सांगितले जाते; परंतु सुश्रुतसंहितेत उष्णकाळी व दुर्बलास तक्र निषिद्ध आहे, हे ध्यानी ठेवावे.

5. ज्वर, अतिसार वा जागरण झाले असता धावू नये.

आत्ययिक अवस्था : धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला वा कोसळला, तर प्रथम शीतोपचार, मग स्थलांतर. शक्य तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवून डोके आधाराने वर धरावे. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर असता पहिला अर्धा तास निर्णायक असतो. येथे आपली औषधी नव्हे, तर पाण्याची बादली प्रथम हाताशी हवी. वैद्यबंधूंनी आपापल्या गावातील सराव मैदानावर जाऊन एवढे तरी तरुणांना समजावून सांगावे, ही विनंती.