अठरा पूर्ण झाली की पोटगीचं काय?

मुलीला अठरा पूर्ण झाली आणि पुढच्या महिन्यापासून पोटगी बंद झाली. बारावीची परीक्षा तोंडावर, सीईटीचा क्लास चालू, नंतर अ‍ॅडमिशन आणि हॉस्टेल. मोठा खर्च तर आता कुठे सुरू होत होता. ‘हुकूमच अठरापर्यंतचा आहे,’ तिचे वडील म्हणाले, आणि ते खरंच होतं. हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा होता (जुलै 2024 पासून ते नव्या संहितेत कलम 144 झालंय). धडधाकट मुलांना त्याखाली सज्ञान होईपर्यंतच पोटगी मिळते.

मुलीचा हक्क मात्र तिथे संपत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित मुलगी लग्न होईपर्यंत निर्वाह मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अभिलाषा विरुद्ध प्रकाश खटल्यात हे स्पष्ट केलं. पण त्यासाठी वेगळा दावा लागतो, तोही सज्ञान मुलीच्या स्वतःच्या नावाने. ऐन परीक्षेत पोरीला बापासमोर कोर्टात उभं करायला माझं मन धजेना. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. दावा न लावताही तिथे अर्ज देता येतो, बाईला आणि मुलांना वकील मोफत मिळतो, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. ठरलं ते असं: फी वडिलांनी थेट कॉलेजात भरायची, हॉस्टेल आणि मेस निम्मंनिम्मं, बाकी माझ्याकडे.

मुलगा असेल तर अधिक जपा, कारण कलम 20 त्याला सज्ञान होईपर्यंतच आधार देतं. संमतीने घटस्फोट घेताना मूल बालवाडीत असलं तरी कन्सेंट टर्म्समध्ये ‘पहिली पदवी मिळेपर्यंत’ हे शब्द घालून घ्या. क्लास आणि हॉस्टेल कुणाकडे, दरवर्षी वाढ किती, तेही लिहा. जुना हुकूम अपुरा पडत असेल तर दहावी होताच वाढीचा अर्ज करा. दोघांनाही उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं, तेव्हा फीच्या पावत्या आणि स्वतःच्या पगाराचे कागद जपून ठेवा.

पैशांचा निरोप मुलांच्या तोंडी कधीही पाठवू नका. हप्ता चुकला की वकिलांना लगेच सांगा. कलम 125 असो वा 144, थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो.