चेकलिस्ट न वाचता ‘ओके’ कळवू नका

प्रश्न : इचलकरंजीत आमचा शटललेस मागांचा छोटा कारखाना आहे. मागांचे सुटे भाग आम्ही तैवानच्या एका पुरवठादाराकडून मागवतो. माल न्हावा शेवाला उतरतो आणि कागदपत्रे सगळी आमचे सीएचए (कस्टम्स हाउस एजंट) करतात. गेल्या दीड वर्षात त्यांनी आमचा सगळा माल ‘टेक्स्टाइल मशिनरी पार्ट्स’ म्हणून ८४४८ या शीर्षकाखाली दाखवला. आता कस्टम्सच्या ऑडिट विभागाचे पत्र आले आहे की त्यातले बेअरिंग, रबरी पट्टे आणि स्क्रू वेगळ्या शीर्षकांत जातात, तेव्हा फरकाची ड्यूटी व्याजासह भरा. सीएचए म्हणतात, इन्व्हॉइसवर होते तेच आम्ही लिहिले. चूक त्यांची, मग पैसे आम्ही का भरायचे? आणि यापुढे आम्ही नेमके काय तपासायचे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर कडू आहे, म्हणून ते आधी सांगतो. ऑडिट विभागाचे म्हणणे बरोबर असेल तर फरकाची ड्यूटी तुम्हालाच भरावी लागेल. एजंटाने मालकाच्या वतीने जे केले ते मालकाच्या माहितीने आणि संमतीनेच झाले असे सीमाशुल्क कायदा, १९६२ चे कलम १४७ गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. एजंटाने मुद्दाम काही केले नसेल, हयगय किंवा कसूर केली नसेल, तर कमी भरलेली ड्यूटी त्याच्याकडे मागण्याआधी ती मालकाकडून वसूल होण्यासारखी नाही, असे अधिकाऱ्याचे मत व्हावे लागते. म्हणजे वसुली आधी तुमच्या दारात येते. सीएचए पूर्ण मोकळे सुटतात असे मात्र नाही. कस्टम्स ब्रोकरसाठी, म्हणजे सीएचएंसाठी, २०१८ साली केलेल्या परवाना नियमावलीनुसार अशिलाला कायदा पाळण्याचा सल्ला देणे आणि दिलेल्या माहितीची खातरजमा करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर दंड होतो, परवानाही जाऊ शकतो. पण ती कारवाई कस्टम्स आणि त्यांच्यातली. तुमचे नुकसान त्यांच्याकडून भरून घ्यायचे तर तो तुमच्या आपसातल्या कराराचा प्रश्न होतो, आणि तिथे ‘इन्व्हॉइसवर होते तेच लिहिले’ हे त्यांचे उत्तर बरेच वजनदार ठरेल.

हा नियम तुम्हाला अन्यायाचा वाटेल. माझ्या मते तो मुळात योग्य आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच प्रकरणात दिसते. ८४४८ या शीर्षकात मागांचे खास भाग येतात, उदाहरणार्थ रीड किंवा हील्ड फ्रेम. परंतु टॅरिफमधल्या यंत्रसामग्रीच्या सोळाव्या विभागाच्या सुरुवातीला ज्या टिपा आहेत, त्यांतली पहिली टीप व्हल्कनाइज्ड रबराचे पट्टे आणि सर्वसाधारण वापराचे लोखंडी-पोलादी भाग या विभागातून बाहेर काढते. पट्टे ४०१० मध्ये जातात, स्क्रू ७३१८ मध्ये. दुसरी टीप सांगते की ज्या भागाला ८४ किंवा ८५ व्या प्रकरणात स्वतःचे शीर्षक आहे, तो काही थोडे अपवाद सोडता त्याच शीर्षकात जाईल, मग तो कोणत्याही यंत्राला लागो. बेअरिंगला ८४८२ हे शीर्षक आहे. त्यामुळे बेअरिंग मागासाठीच मागवले होते हा खुलासा इथे उपयोगी पडत नाही. या टिपा सीएचएंना माहीत असायलाच हव्यात. पण पेटीत बेअरिंग आहेत हे त्यांना कोणी सांगितले? पुरवठादाराने इन्व्हॉइसवर एक ओळ लिहिली आणि तुमच्या टेबलावर मात्र भागवार ऑर्डर, भाग क्रमांक आणि कॅटलॉग होता. कायदा एजंटाला ठाऊक असतो, माल तुम्हाला ठाऊक असतो. जाहीरनाम्यातल्या माहितीची जबाबदारी माल ओळखणाऱ्यावर असावी, हे कलम १४७ मागचे तत्त्व आहे आणि पुढे जे सांगणार आहे ते सगळे त्यातूनच निघते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कस्टम्सनेही माल सोडलाच ना, मग आता दीड वर्षाने जाग कशी आली? ८ एप्रिल २०११ पासून आपल्याकडे स्वयंनिर्धारण आहे. ड्यूटी किती लागते हे आयातदार स्वतः ठरवतो आणि बिल ऑफ एन्ट्रीत तसे जाहीर करतो. संगणकावरची जोखीम व्यवस्थापन प्रणाली त्यातली काही बिले तपासणीला काढते आणि बाकीची अधिकाऱ्याच्या नजरेखालून न जाताच पुढे सरकतात. ‘आउट ऑफ चार्ज’ मिळाला याचा अर्थ माल नेण्याची परवानगी मिळाली, एवढाच. तुमचे वर्गीकरण कोणी तपासून मान्य केले असे त्यातून ठरत नाही. माल लवकर सुटावा म्हणून तपासणी नंतरच्या ऑडिटकडे ढकलली गेली आहे. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने कलम ४६ मध्ये पोटकलम ४ए घालून आयातदाराचे कर्तव्य शब्दांत मांडले गेले: माहिती अचूक आणि पूर्ण आहे, सोबतची कागदपत्रे खरी आहेत, आणि मालावर निर्बंध असल्यास ते पाळले आहेत, याची खात्री आयातदाराने करायची.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वर्गीकरण हे शेवटी मत असते आणि त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. वर्णनात मात्र मताला जागा नाही, ते एकतर पूर्ण असते किंवा अपुरे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिकच्या प्रकरणात हाच भेद मान्य केला. आयातदाराने आपल्या समजुतीप्रमाणे एखादे वर्गीकरण किंवा सवलत मागितली, तर ती मागणी चुकीची ठरली तरी तेवढ्याने कलम १११(एम) खालचे खोटे कथन होत नाही. या भेदावर पैशाचे मोठे गणित अवलंबून आहे. कलम २८ खाली कमी भरलेल्या ड्यूटीची नोटीस साधारणपणे दोन वर्षांच्या आत काढावी लागते. संगनमत, हेतुपुरस्सर चुकीचे कथन किंवा माहिती दडवणे सिद्ध करता आले तर ही मुदत पाच वर्षांची होते आणि कलम ११४ए खाली ड्यूटीएवढाच दंड येऊन बसतो. बिल ऑफ एन्ट्रीत ‘बॉल बेअरिंग, अमुक आकार, शटललेस मागासाठी’ असे लिहिले असते आणि शीर्षक चुकले असते, तर दडवले असे कोणाला म्हणता आले नसते. ‘टेक्स्टाइल मशिनरी पार्ट्स’ या एका ओळीने तो आधार तुम्ही गमावला. अपुऱ्या वर्णनावरून हेतू आपोआप सिद्ध होत नाही हे खरे, पण ते भांडत बसण्याची वेळ तुमच्यावर आली.

म्हणून तपासणीची खरी जागा आहे चेकलिस्ट. बिल आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर दाखल करण्याआधी सीएचए तुम्हाला चेकलिस्ट पाठवतात आणि तुमच्याकडून ‘ओके’ आले की बिल पुढे जाते. बहुतेक कार्यालयांत हा ‘ओके’ मोबाइलवर, एकूण ड्यूटीचा आकडा पाहून दिला जातो. माझे आग्रहाचे सांगणे आहे की शेवटचा आकडा सर्वांत शेवटी पाहा. आधी प्रत्येक ओळीचे वर्णन तुमच्या खरेदी ऑर्डरशी ताडा, आणि पुरवठादाराला ऑर्डर देतानाच भागवार इन्व्हॉइस आणि भागवार पॅकिंग लिस्ट सक्तीची करा. मूळ देशाचा रकाना नीट पाहा. पुरवठादार तैवानचा असला आणि खोक्यावर ‘मेड इन चायना’ असेल तर मूळ देश चीनच लिहावा लागतो. नगांची आणि पेट्यांची संख्या, वजन आणि मालवाहकाचे तपशील बिल ऑफ लेडिंगशी जुळले पाहिजेत. कोणत्या अधिसूचनेच्या कोणत्या क्रमांकाखाली सवलत घेतली आहे हे सीएचएंना विचारा आणि त्या नोंदीचे शब्द स्वतः वाचा, कारण सवलतीची अट तुमचा कारखाना पुरी करतो की नाही हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण. जीएसटी क्रमांक चुकला तर आयजीएसटीचे क्रेडिट अडकते.

मूल्याच्या रकान्याकडे तर फारच दुर्लक्ष होते. इन्व्हॉइस एफओबी, म्हणजे भाडे आणि विमा वगळून, असेल तर जहाजभाडे आणि विमा मिळवूनच ड्यूटी काढायची असते. भाड्याचा पुरावा नसेल तर २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांतला दहावा नियम एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे धरायला लावतो, आणि विमा ठरवता येत नसेल तर १.१२५ टक्के. समजा माल दहा लाखांचा आहे आणि भाडे खरोखर साठ हजार लागले. पावती जोडली नाही तर मूल्यात दोन लाख चढतात, म्हणजे एक लाख चाळीस हजार जास्त. मूळ ड्यूटी साडेसात टक्के असेल आणि तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, तर एका कागदाअभावी ११,५५० रुपये जादा जातात. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, तेव्हा फरक पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मूळ ड्यूटी आणि अधिभाराचे क्रेडिट कोणालाच मिळत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा असतो: जहाज आले, बिल उशिरा भरले तर दंड, मग एवढे वाचायला सवड कुठे? दंड खरा आहे. साधारण नियम असा की जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत बिल दाखल व्हावे. त्यानंतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. परंतु हाच कायदा अपेक्षित आगमनाच्या तीस दिवस आधीपासून बिल दाखल करू देतो. पुरवठादाराकडून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचे मसुदे माल निघण्यापूर्वीच मागवले, तर चेकलिस्ट वाचायला पुरेसे दिवस मिळतात. घाई बहुतेक वेळा पुरवठादाराच्या कागदांना उशीर झाल्याने होते आणि त्यावर उपाय खरेदीच्या अटींत आहे.

‘चुकले तर नंतर दुरुस्त करू’ हा तिसरा आक्षेप सर्वांत महाग पडतो. कलम १४९ खाली दुरुस्ती होते, पण माल सुटल्यानंतर फक्त अशा कागदाच्या आधारे, जो माल सुटताना अस्तित्वात होता. जास्त भरलेली ड्यूटी परत मागायची तर २०१९ च्या आयटीसी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वयंनिर्धारण अपिलात किंवा अन्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा अर्ज चालणारच नाही. स्वतःच केलेल्या हिशेबाविरुद्ध स्वतःच अपील करायला लावणे लहान आयातदारावर फार कठोर आहे असे मला वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डायमेन्शन डेटाच्या प्रकरणात कलम १४९ च्या दुरुस्तीचा मार्ग मोकळा ठेवला, त्याने थोडा दिलासा मिळाला. २०२५ च्या वित्त कायद्याने आलेले कलम १८ए आणखी पुढे जाते. माल सुटल्यावर आयातदाराला स्वतःहून नोंद सुधारता येते. मात्र ऑडिट, झडती किंवा समन्स सुरू झाल्याचे कळवले गेले की ही वाट बंद होते, त्यामुळे ऑडिटखाली आलेल्या बिलांसाठी तुम्हाला ती आता उपलब्ध नाही.

निर्यात करणाऱ्यांसाठी थोडक्यात: शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ मधला क्रमांक अक्षरशः एकच हवा. एखादी तिरकी रेघ किंवा शून्य इकडेतिकडे झाले की ‘एसबी००५’ ही त्रुटी येते आणि आयजीएसटीचा परतावा अडतो. निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या रोडटेप योजनेचा लाभ घ्यायचा तर तो त्या-त्या ओळीवर शिपिंग बिलातच जाहीर करावा लागतो.

तुम्हाला तेच ते भाग वारंवार मागवायचे असतील तर मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे वर्गीकरणाचा निर्णय आधीच मागता येतो. तो तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि साधारण तीन वर्षे लागू राहतो. ज्या भागांबद्दल खरोखर संदिग्धता आहे त्यांच्यासाठीच हा खर्च करा. बेअरिंग आणि पट्ट्यांचे उत्तर टिपांतच आहे.

आता हातातल्या पत्राचे. दीड वर्षातली प्रत्येक बिल ऑफ एन्ट्री, तिची पॅकिंग लिस्ट आणि तुमची भागवार ऑर्डर समोर घेऊन ८४४८ मध्ये खरोखर बसणारे भाग वेगळे काढा. ऑडिटने सरसकट सगळ्या मालावर फरक काढला असेल तर तो खोडण्याचा हाच पुरावा आहे. उरलेल्या भागांवरचा फरक ओळीनिहाय काढा. काही भागांचा दर सारखाच निघाला तर तिथे भरायचे काही उरत नाही. जे देणे निघेल ते कलम २८एए च्या १५ टक्के व्याजासह नोटीस निघण्यापूर्वी भरा आणि तसे लेखी कळवा. दडवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणात असे भरले की त्या रकमेपुरती कलम २८ खाली नोटीस निघत नाही आणि दंडही लागत नाही. पत्रात ‘दडवले’ असा शब्द असेल तर रक्कम भरतानाच तो आरोप अमान्य असल्याचे स्पष्ट लिहा, सोबत पुरवठादाराला दिलेल्या भागवार ऑर्डरच्या प्रती जोडा, आणि हे उत्तर मात्र सीमाशुल्काचे काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. आरोपासह नोटीस आलीच, तर ती मिळाल्यापासून तीस दिवसांत ड्यूटी, व्याज आणि ड्यूटीच्या १५ टक्के दंड भरून प्रकरण मिटवण्याची सोय कलम २८(५) मध्ये आहे.