नावाचे दुकान घेताना



उसाचे बिल हाती आले की, 'पोराला भद्रावतीत एखाद्या नामांकित कंपनीचे दुकान टाकून द्यावे काय?' असे विचारत काही सभासद आमच्याकडे येतात. यालाच फ्रँचाइझी म्हणतात. नाव, पाटी आणि मालाची कृती कंपनीची; जागा, भांडवल आणि तोटा आपला. बेणे शुद्ध असले तरी चोपण जमिनीत काय फुटणार?

मुंबईत मालाड स्टेशनाबाहेर २००१ साली सुरू झालेल्या 'जम्बोकिंग'ने वडापाव याच रीतीने वाढविला. पण तेथे दर लोकलला गिऱ्हाईक उतरते. आपल्याकडे जैन मंदिराचे यात्रेकरू आणि आयुध निर्माणीचे पगारदार. भर पावसाळ्यात चौकात बसून माणसे मोजावीत.

आता हिशेब. समजा, महिन्याची विक्री १,००,००० रुपये. माल ६०,०००, भाडे, मजुरी, वीज ३०,०००. उरले १०,०००. रॉयल्टी शेकडा ६ असेल तर ६,००० कंपनीला, हाती ४,०००. विक्री ८०,००० वर आली की माल ४८,०००, बाकी खर्च तोच. उरले २,००० आणि रॉयल्टी ४,८००! कारण ती बहुधा नफ्यावर नव्हे, विक्रीवर लागते. 'अमूल' विक्री केंद्राकडून रॉयल्टी घेत नाही, पण अनामत तेथेही आहे.

आपल्या देशात फ्रँचाइझीचा वेगळा कायदा नाही. मुख्यतः १८७२ चा करार कायदा लागतो. म्हणून अनामत परत केव्हा मिळणार, जवळच दुसरे दुकान देणार काय, हे लेखी घ्यावे. सहीपूर्वी करार गट ऑफिसात आणा, आम्ही सोबत बसून वाचू.