आधी प्रभू, मग घर: म्हणजे नेमके काय?



'अ' वर्षातील सामान्य काळाच्या तेराव्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातील एक वाचन (१०:३७-४२) आपल्या कानांवर पडते. आईबाप, मुलगा, मुलगी या सर्वांहून आपल्यावरचे प्रेम मोठे असावे, असे प्रभू येशू तेथे शिष्यांना सांगतो. लूक १४:२६ मध्ये तर आप्तांचा द्वेष करण्याची भाषा आहे. आपण गोंधळतो. ज्या देवाने चौथ्या आज्ञेत आईबापांचा मान राखायला सांगितले, तो आता त्यांचा द्वेष करायला सांगेल काय?

मुळीच नाही. इब्री बोलीत दोघांपैकी एकावर प्रेम कमी असले, तर त्यालाही द्वेष म्हणत. याकोबाचे राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रेम होते, असे उत्पत्ती २९:३० मध्ये वाचतो. लगेच पुढच्या वचनात लेआविषयी मूळ भाषेत द्वेषाचाच शब्द येतो. तेव्हा प्रश्न द्वेषाचा नाही, क्रमाचा आहे.

जालन्याची साक्ष

या क्रमाची किंमत काय असते, हे आपल्या जालन्याला ठाऊक आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ घर, जात, पंगत सगळेच तुटणे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी घ्यावे अशी बाजू मांडली, तर त्यांनाही स्वजातीचा रोष सोसावा लागला.

नारायण मात्र घराबाहेरच राहिले. ते पाळक झाले, १८६० च्या दशकात जालन्यास आले आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ नवख्रिस्ती कुटुंबांसाठी एक गाव वसवले. त्याचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी त्यांची साक्ष आपल्यालाही शिकवणारी आहे. प्रभूसाठी घरदार, भाऊबहीण सोडणाऱ्याला ती शंभरपट मिळतील, असे अभिवचन मार्क १०:२९-३० मध्ये आहे. नारायणांनी एक घर गमावले आणि त्यांना एक गाव मिळाले. जातीच्या नियमाने ज्यांच्या हातचे पाणीही त्यांना वर्ज्य होते, तेच त्यांचे भाऊबंद झाले.

वडिलांचे दुःख

पण या कथेतील वडिलांना आपण विसरू नये. मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढणारा तो बाप काही प्रभूचा वैरी नव्हता. आईबापांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या लहान लेकरांना बाप्तिस्मा देऊ नये, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच शिकवले. आजच्या धर्मसभेच्या कायद्यानुसारही बालकाच्या बाप्तिस्म्यासाठी आईबापांची, निदान दोघांपैकी एकाची, संमती असावी लागते. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. प्रभूला पहिले स्थान द्यायचे ते आपल्या स्वतःच्या अंतःकरणात. दुसऱ्याच्या अंतःकरणाचे दार बाहेरून ढकलायचे नसते.

पतिपत्नींच्या बाबतीतही तसेच. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे ती दोघे वेगळी राहिली. पुढे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तोवर त्यांचे मन स्वतःच तयार झाले होते. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल, तर त्याला सोडू नये, असेच संत पौलही सांगतो (१ करिंथ ७:१२-१३).

आपल्या घरी

आपल्यापैकी अनेकांचे मामा, आत्या, सोयरे इतर धर्मांचे आहेत. लग्न, बारसे, जावळ यांची बोलावणी येतात. अवश्य जावे, कामाला हात लावावा, पंगतीत वाढायला उभे राहावे. मात्र पूजेची वेळ आली की नम्रपणे बाजूला थांबावे. कोणी रुसेल, कोणी टोमणा मारील. हे जड जाते, आम्हालाही जाते. पण दुसऱ्या दिवशी त्याच घरी पुन्हा विचारपूस करायला जावे. तेव्हा त्यांनाही कळते की आपण बाजूला झालो ते त्यांच्यापासून नव्हे.

कधी एखादा मुलगा फादर व्हायचे म्हणतो, एखादी मुलगी सिस्टर व्हायचे म्हणते. मग घरातून पहिला प्रश्न येतो: म्हातारपणी आमचे कोण पाहणार? प्रश्न खोटा नाही. पण लेकरू ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, हे आपण त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच मान्य केले आहे.

आणि उलट बाजूही आहे. देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभूने खडसावले (मार्क ७:९-१३). घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला पाणी द्यायला कोणी नाही आणि आपण रोज प्रार्थनासभेत, याला प्रभूला पहिले स्थान देणे म्हणत नाहीत. स्वतः प्रभूने क्रुसावरील यातनांतही आईची सोय लावली (योहान १९:२६-२७).

बेथेल हे नाव याकोबाने ठेवले. भावाशी वैर करून घर सोडून निघालेल्या याकोबाला देव तेथे भेटला. अनेक वर्षांनी तो भावाला सामोरा गेला आणि दोघे गळ्यात पडून रडले (उत्पत्ती ३३:४). प्रभू पहिला असला की घर दुय्यम होते, पण परके होत नाही. उलट तुटलेल्या घराकडे परत जाण्याचे बळ त्याच्याकडूनच मिळते.

मननासाठी

१. कोणाच्या नाराजीच्या भीतीने आपण आपली श्रद्धा लपवतो?

२. श्रद्धेचे नाव पुढे करून आपण घरातील कोणते कर्तव्य टाळत आहोत काय?

३. श्रद्धेवरून दुरावलेल्या कोणत्या नातेवाइकाला या आठवड्यात आपण भेटायला जाऊ?